ट्रकमध्ये जादा माल : दोष एकट्या ड्रायव्हरचा का?

मालेगावचे ग्रे कापड भिवंडीला जाते, राजस्थानात पाली-बालोत्र्यालाही जाते, ते ट्रकनेच. भाडे ठरविताना आम्ही व्यापारी बरीच घासाघीस करतो. पण गाडीत वजन किती चढले हे पाहत नाही. गाडी काट्यावर अडकली की "ते ड्रायव्हरचे काम" म्हणून हात झटकतो. हे कितपत योग्य आहे?

2022 च्या पावसाळ्यातील आमचीच गोष्ट सांगतो. भिवंडीला कापडाच्या गाठी पाठवायच्या होत्या. दुसऱ्या गाडीचे भाडे वाचावे म्हणून उरलेल्या गाठीही त्याच ट्रकमध्ये चढविल्या आणि बिल्टीवर अंदाजाने वजन लिहिले. ड्रायव्हरने विचारले, "सेठ, वजन बरोबर आहे ना?" आम्ही म्हणालो, "बेफिकीर राहा भाई." कसारा घाटाच्या अलीकडे तपासणीत गाडी दोन टन जादा निघाली. जादा माल उतरविल्याशिवाय गाडी पुढे सोडली नाही. दंडाची रक्कम ट्रान्सपोर्टवाल्याने ड्रायव्हरच्या पगारातून कापायला सुरुवात केली. आम्ही गप्प बसलो.

कायदा काय म्हणतो?

1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 113 प्रमाणे आर.सी. बुकात लिहिलेल्या वजनापेक्षा जादा वजनाची गाडी चालविणे गुन्हा आहे. चालवायला लावणे किंवा चालवू देणे हाही गुन्हाच आहे.  2019 च्या दुरुस्तीने कलम 194 खालील दंड 20 हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे 2 हजार असा झाला. म्हणजे दोन टनांचे 24 हजार. माल उतरविण्याचा खर्च वेगळा. माल गाडीच्या बाहेर किंवा ठरलेल्या उंचीच्या वर गेला तरी 20 हजार. वजनाला नकार दिला किंवा काट्याआधी माल उतरविला, तर 40 हजार.

सरकारने जुलै 2018 मध्ये सहाचाकी ट्रकची मर्यादा 16.2 टनांवरून 18.5 टन केली. पण हे वजन गाडीसह आहे. तसेच प्रत्येक गाडीला तिच्या आर.सी. बुकातील आकडाच लागू होतो, हे विसरू नये.

2011 पासून लागू झालेल्या रस्ता मालवाहतूक कायद्यानेही ट्रान्सपोर्टवाल्याला जादा माल भरण्यास मनाई केली आहे. माल पाठविणाऱ्याने दिलेला तपशील खरा असावा, ही जबाबदारी मात्र आपली आहे.

ड्रायव्हरचा भाग

ड्रायव्हर अगदीच मोकळा नाही. स्टिअरिंग त्याच्या हातात असते आणि घाटात जीवही त्याचाच जातो. वजन जास्त असेल तर उतारावर ब्रेक तापतात आणि गाडी लवकर थांबत नाही. सगळा बोजा मागे गेला तर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग नीट लागत नाही. एका बाजूला गेला तर वळणावर गाडी कलंडते. म्हणून निघण्यापूर्वी काटा करणे, भरणी पाहणे, दोर-ताडपत्री तपासणे आणि थोडे अंतर गेल्यावर दोर पुन्हा आवळणे हे त्याचे काम आहे. जादा माल असेल तर त्याने "नाही" म्हटले पाहिजे. पण "नाही" म्हटल्यावर पुढची फेरी दुसऱ्याला मिळणार असेल, तर तो बिचारा कसा म्हणेल?

आपण काय करावे?

गाठींचे वजन अंदाजाने लिहू नये. भरलेली गाडी काट्यावर नेऊन पावती बिल्टीला जोडावी. सुताच्या जड बोऱ्या खाली व समान पसराव्यात, हलका माल वर ठेवावा. हमाल भरणी करीत असताना आपला माणूस तेथे उभा असावा. ड्रायव्हरने माल कमी करा म्हटले, तर त्याचे ऐकावे. काट्याचा खर्च दंडापुढे काहीच नाही.

दुकानात मीटर कमी भरला तर आपण लाजतो. बिल्टीवर वजन कमी लिहिणे हीसुद्धा मापातील खोटच आहे. पुढे आम्ही ट्रान्सपोर्टवाल्याकडे जाऊन दंडाची पूर्ण रक्कम भरली आणि ड्रायव्हरचे कापलेले पैसे त्याला परत द्यायला लावले. तोपर्यंत त्याचे तीन पगार कापून गेले होते. ते पैसे त्याला पहिल्याच दिवशी मिळायला हवे होते.