प्रिंटर नसता संगणक का थबकतो?

निमगाव केतकीचा परिसर पानमळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. मळ्यातून पानांच्या टोपल्या घेऊन निघालेला गडी आडत्याकडे माल उतरवितो व पोच घेऊनच परततो. दुकान बंद असले, तर तो दारातच खोळंबून राहतो. हा त्याचा दोष नव्हे. त्यास आज्ञाच तशी असते. प्रिंटर जोडलेला नसताना शाळेतील जुना संगणक थबकतो, तोही याच कारणाने.

१९८१ साली निघालेल्या आय.बी.एम. पीसीत व त्या धर्तीच्या संगणकांत प्रिंटरसाठी २५ छिद्रांचे जोडतोंड असे. त्यातील ८ तारांवरून एकेक अक्षर प्रिंटरकडे जाते. इतर काही तारांवरून प्रिंटर ‘मी कामात आहे’, ‘कागद संपला’, ‘अक्षर मिळाले’ असे संकेत परत पाठवितो. तारेच्या दुसऱ्या टोकास प्रिंटरच नसला, म्हणजे ही पोच येत नाही. ‘डॉस’ प्रणालीत एका वेळी एकच काम चालत असल्याने त्या प्रतीक्षेत सारा संगणक अडकतो. ‘प्रिंट स्क्रीन’ कळीस चुकून बोट लागले, तरीही हेच घडते.

अशा वेळी घाईने वीज बंद करणे हानिकारक होय. तास-दोन तास खपून भरलेली, परंतु न साठविलेली गुणपत्रके त्यायोगे नाहीशी होतात. थोडा वेळ थांबल्यास पडद्यावर बहुधा सूचना उमटते. प्रिंटर जवळ असेल, तर तो जोडून, चालू करून ‘रिट्राय’ निवडावे. नसेल, तर ‘फेल’ निवडून पाहावे. ‘अबॉर्ट’ने चालू कार्यक्रमच बंद पडतो, म्हणून तो उपाय शेवटचा समजावा.

हा प्रसंग मुळातच टाळता येतो. डॉसमधील ‘मोड’ या आज्ञेत प्रिंटरसाठी ‘पी’ हे अक्षर दिलेले असल्यास संगणक अखंड प्रयत्न करीत राहतो. तेथे ‘एन’ घातल्यास तो पुनःप्रयत्न करीत नाही. जुन्या विंडोजमध्ये ‘जेनेरिक, टेक्स्ट ओन्ली’ हा प्रिंटर ‘फाइल’ या पोर्टवर बसवून तोच मुख्य ठरवावा. विंडोज १० मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडावे. अशा रीतीने संगणकास माल उतरविण्यास जागा मिळते व तो खोळंबत नाही. पूर्वी अडकलेली छपाईची कामे यादीतून काढून टाकावीत.

सर्वांत सोपी सवय मात्र एकच : छपाईची आज्ञा देण्यापूर्वी काम साठवावे. मग संगणक थबकला तरी मुलांच्या नोंदी सुरक्षित राहतात, आणि शिक्षकास तेच काम पुन्हा करण्याची पाळी येत नाही.