घर हाच सेट, आईबाबा हेच निर्माते

चार्ली चॅप्लिनच्या १९२१ सालच्या ‘द किड’मध्ये त्याच्यासोबत काम करणारा पोरगा म्हणजे जॅकी कूगन. बालवयात त्याने तीस-चाळीस लाख डॉलर कमावले. सज्ञान झाल्यावर हिशेब मागितला, तेव्हा आई आणि सावत्र वडिलांनी बहुतेक रक्कम उडवलेली होती. १९३८ मध्ये तो कोर्टात गेला, पण हाती जेमतेम सव्वा लाख डॉलर लागले. त्या बोभाट्यातून पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात बालकलाकारांची कमाई राखणारा ‘कूगन कायदा’ झाला.

आता कॅमेरा स्टुडिओतून घरात आला आहे. बारसं, बोरन्हाण, शाळेचा पहिला रडका दिवस, सगळ्याचं रील होतं. आजी-आजोबांना फोटो पाठवणं निराळं. फॉलोअर वाढले की डायपरच्या, खेळण्यांच्या, शिकवणीच्या अ‍ॅपच्या कंपन्या ‘पेड कोलॅब’ घेऊन येतात आणि यूट्यूब जाहिरातींतला वाटा देतं. मग रोज काहीतरी टाकावंच लागतं. मूल रुसलेलं असो की तापाने फणफणलेलं, तोही ‘कंटेंट’च.

सिनेमाच्या सेटवर निर्माता एक असतो आणि पालक दुसरा. ‘आता पुरे, लेकरू दमलंय’ असं पालक निर्मात्याला सांगू शकतो. घरच्या चॅनलवर निर्माता, दिग्दर्शक, खजिनदार आणि पालक ही एकच व्यक्ती असते. मुलाच्या वतीने संमती देणाराच त्या संमतीचे पैसे घेतो. नैतिक पेच आहे तो इथे. आईबाप प्रेमळ असले म्हणून तो सुटत नाही, कारण मूल ‘नाही’ म्हणालं तर ते ऐकणारा तिसरा माणूस घरात नसतो.

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या रुबी फ्रँकीचं उदाहरण टोकाचं आहे. सहा मुलांच्या या आईच्या ‘८ पॅसेंजर्स’ चॅनलचे जवळपास पंचवीस लाख सदस्य होते. ऑगस्ट २०२३ मध्ये तिचा बारा वर्षांचा मुलगा खिडकीतून निसटून शेजाऱ्यांकडे मदत मागायला गेला. बालछळाच्या गुन्ह्यांत तिला २०२४ मध्ये शिक्षा झाली. पुढे तिच्या थोरल्या मुलीने युटाच्या आमदारांपुढे साक्ष देऊन घराघरांतल्या या धंद्याला विरोध केला.

कायदे आता जागे होत आहेत. फ्रान्सने ऑक्टोबर २०२०मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांच्या व्हिडिओंवर नियम आणले. ठरावीक मर्यादेपुढची कमाई मूल सज्ञान होईपर्यंत सरकारी वित्तसंस्थेत राहते, आणि व्हिडिओ काढून टाकण्याची मागणी मूल स्वतः करू शकतं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १ जुलै २०२४ पासून अशा मुलांसाठी वाटा बाजूला ठेवणं बंधनकारक झालं. त्यामागचा पाठपुरावा एका शाळकरी मुलीचा होता. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कूगन कायद्याचं संरक्षण ऑनलाइन मुलांनाही दिलं. मिनेसोटाने तर चौदा वर्षांखालच्या मुलांच्या अशा कामावरच बंधन घातलं.

आपल्याकडे बालमजुरी कायद्याच्या २०१७ च्या नियमांत बालकलाकारासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांहून जास्त नाही, आणि कमाईतला किमान २० टक्के वाटा राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत. हे सारं मालिका-सिनेमाचा निर्माता डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं आहे. घरच्या हॉलमध्ये मोबाइल धरणाऱ्या बाबांची घड्याळ लावून तपासणी कोण करणार? २०२३ चा डिजिटल विदा संरक्षण कायदाही मुलांसाठी पालकांचीच संमती मागतो. म्हणजे राखणदारीची किल्ली पुन्हा त्याच हातात.

शिवाय बहुतेक कायद्यांची मजल पैशापर्यंतच. मुदत ठेव व्याजासकट परत मिळते. अंथरूण ओलं केल्याचा, पहिल्या पाळीचा किंवा परीक्षेत नापास झाल्याचा व्हिडिओ एकदा हजारो फोनांत साठला की परत घेता येत नाही. पंधराव्या वर्षी वर्गमित्र तो शोधून काढतात.

म्हणून रील करणाऱ्या पालकांना तीनच गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मुलाचा वाटा आजपासून त्याच्याच खात्यात टाका. शाळेचा गणवेश, घराचा पत्ता, आंघोळ, आजार आणि रडणं कॅमेऱ्याबाहेर ठेवा. आणि मूल ‘नको’ म्हणालं, तर जाहिरातदाराचे पैसे परत करायची तयारी ठेवा. ही तिसरी तयारी नसेल, तर ते मूल तुमच्याकडे नोकरीला आहे असंच म्हणावं लागेल.