कोपनहेगनची संध्याकाळ : दोघांचे टेबल निवडताना

आमच्या वाचकांत खानावळवाले आहेत, सुतारकाम करणारे आहेत, दिव्यांचा व काचसामानाचा व्यापार करणारे आहेत. कामानिमित्त किंवा तिकडे स्थायिक झालेल्या मुलांना भेटायला युरोपात जाणारेही आहेत. या सर्वांच्या उपयोगी पडेल अशा एका धंद्याची माहिती आज देत आहोत. हा धंदा म्हणजे नवरा-बायकोला एक निवांत संध्याकाळ विकण्याचा, आणि गाव म्हणजे डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन.

तेथे मुलांना आजी-आजोबांकडे सोपवून दोघांनीच बाहेर जेवायला जाण्याची रीत आहे. त्याला ते इंग्रजांप्रमाणे ‘डेट नाइट’ म्हणतात. अशा जेवणाचे बिल मोठे होते. त्यामुळे हॉटेल निवडताना नुसती पाटी पाहून चालत नाही. पैसे कशाकशाचे द्यायचे आहेत हे आधी समजून घ्यावे लागते.

उजेडाचा व्यवहार

डिसेंबरात कोपनहेगनला दुपारी पावणेचारच्या आतच सूर्य मावळतो. जूनमध्ये तो रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि पुढेही आकाशात फिकट उजेड राहतो. हिवाळ्यातला लांबलचक अंधार सुसह्य करण्यासाठी तेथील लोक मेणबत्त्या लावतात. माणशी मेणबत्त्या जाळण्यात डेन्मार्क युरोपात अगदी वरच्या क्रमांकावर गणला जातो. साध्या हॉटेलातही दोघांच्या टेबलावर एक मेणबत्ती असतेच.

दिव्यांच्या बाबतीत पोल हेनिंगसेन (१८९४-१९६७) या कारागिराचे नाव घ्यावे लागेल. डोळ्यांवर येणारा झगझगीत उजेड त्याला खपत नसे. १९२०च्या दशकात त्याने लुई पोलसेन या कंपनीसाठी एकाखाली एक अशा तीन छत्र्यांचा दिवा तयार केला. उजेड टेबलावर पडावा, पण बसलेल्या माणसाला बल्ब दिसू नये, ही त्यामागची युक्ती. १९५८ सालचा त्याचा ‘पीएच ५’ हा दिवा आजही तयार होतो आणि घराघरांत, हॉटेलांत टांगलेला दिसतो.

यावरून निवडीची पहिली कसोटी मिळते. शक्य असल्यास आदल्या दिवशी संध्याकाळी त्या हॉटेलावरून एक चक्कर मारावी. टेबलाशी बसलेल्यांचे चेहरे मऊ उजेडात दिसतात की वरचा दिवा डोळ्यांत जातो, हे बाहेरूनही कळते. खुर्चीही पाहावी, कारण तिच्यावर दोन-तीन तास बसायचे असते. हान्स वेगनरची १९५० पासून बनत असलेली ‘विशबोन’ खुर्ची यासाठी नावाजलेली आहे. तिची बैठक सुमारे १२० मीटर कागदी दोरीने हाताने विणतात.

कोठे काय मिळते

पाहुण्यांची पहिली धाव न्यूहाउन या कालव्याकडे असते. १६७० च्या दशकात खोदलेला हा कालवा, काठावरची रंगीत जुनी घरे आणि लाकडी जहाजे हे दृश्य खरोखर देखणे आहे. खुर्च्यांवर पांघरायला लोकरी शाली ठेवलेल्या असतात. मात्र येथे बिलात दृश्याचेही पैसे असतात, आणि शेजारच्या टेबलाची गडबड आपल्या टेबलावर येते. आमच्या मते येथे फेरफटका मारावा आणि जेवण दुसरीकडे घ्यावे.

तिवोली ही बाग १८४३ साली सुरू झाली. तिचा संस्थापक गेओर्ग कार्स्टेन्सन याचा जन्म अल्जियर्सचा. तेथील निम्ब ही १९०९ सालची इमारत मूरिश धाटणीची आहे. घुमट, कमानी आणि शुभ्र भिंती असलेली ही वास्तू रात्री दिव्यांनी उजळली की आपल्या माणसाला ओळखीची वाटेल. २००८ पासून तेथे निवासी हॉटेलही आहे. बाग वर्षभर उघडी नसते, ठरावीक हंगामांतच असते. बागेतल्या हॉटेलात जेवायचे तर प्रवेशाचे तिकीट वेगळे पडते का, हे टेबल राखून ठेवतानाच विचारावे.

खर्चाची तयारी असलेल्यांसाठी गेरेनियम हे नाव जगभर गाजलेले आहे. पार्केन या फुटबॉल मैदानाच्या इमारतीत आठव्या मजल्यावर ते आहे. त्याचे मुख्य आचारी रासमुस कोफोड यांनी जानेवारी २०२२ पासून मांस पूर्ण बंद केले. आता तेथे भाज्या आणि समुद्रातले पदार्थच मिळतात. तीन मिशेलिन तारे मिळालेल्या हॉटेलाने मांस बंद करावे आणि तरी गिऱ्हाईक टिकवावे, ही व्यापारी नजरेने नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

साधे आणि आपलेसे हवे असेल तर न्योरब्रो भागात जावे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तुर्कस्तान, पाकिस्तान आदी देशांतून कामगार डेन्मार्कला आले. पुढे अरब देशांतले लोकही आले. आज या भागात तुर्की, लेबनानी व इतर खाद्यगृहांची रांग आहे. झगमगाट कमी असला तरी तेथे विचारपूस सोपी जाते आणि बिलही आवाक्यात राहते.

विचारायला लाजू नये

डेन्मार्क हा डुकराचे मांस निर्यात करणारा मोठा देश आहे. २०१४ साली मतदानाने निवडलेले राष्ट्रीय पक्वान्नही त्याचेच आहे. त्यामुळे ‘स्विन’, ‘फ्लेस्क’, ‘स्किंके’ आणि ‘बेकन’ हे चार शब्द लक्षात ठेवावेत. राईच्या काळ्या पावावर लोण्याऐवजी कधी डुकराची चरबी लावलेली असते. गोड पदार्थांत ‘हुसब्लास’ म्हणजे जिलेटीन आणि रश्शात वाइन असू शकते. मासळी मागवली तरी रश्शाची चौकशी करावीच.

गोमांस वा कोंबडीचे काय? जनावराला आधी बेशुद्ध न करता जबह करण्यास तेथे २०१४ पासून बंदी आहे. म्हणून तेथे हलाल म्हणून मिळणारे मांस एक तर बेशुद्ध करून कापलेले असते किंवा बाहेरून आणलेले असते. याबाबत उलेमांची मते वेगवेगळी आहेत. ज्याने त्याने आपल्या मतानुसार ठरवावे.

हे सारे टेबलावर बसल्यावर विचारण्यापेक्षा आधी कळवणे चांगले. ऐन वेळी वेटरशी प्रश्नोत्तरे सुरू झाली की नवरा अवघडतो, बायको अर्धपोटी उठते आणि संध्याकाळ वाया जाते. चांगली हॉटेले टेबल राखून ठेवतानाच काय चालत नाही याची विचारणा करतात आणि त्याप्रमाणे पदार्थ बदलून देतात. जेथे या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळत नाही, तेथे जाऊ नये.

उन्हाळ्यात रमजान आला तर आणखी एक अडचण येते. २०१६ च्या जूनमध्ये तेथे इफ्तारची वेळ दहाच्या आसपास होती, आणि पुष्कळ हॉटेलांचे स्वयंपाकघर त्याच सुमारास बंद होते.

बिलाचा हिशेब

डेन्मार्कमध्ये पंचवीस टक्के विक्रीकर आहे, पण तो मेन्यूवरच्या दरात धरलेला असतो. सेवेचे पैसेही त्यातच येतात. वेगळी बक्षिसी देण्याचे बंधन नाही.

खरा फरक पेयांत पडतो. मोठ्या हॉटेलांत जेवणाचा ठरावीक दर असतो आणि वाइनचा वेगळा. वाइनचे पैसे कधी जेवणाच्या जवळपास जातात. मालकाचा बराचसा नफा तेथेच असतो. म्हणूनच काही ठिकाणी नळाच्या पाण्याचेही पैसे लावतात. आता अनेक हॉटेलांनी फळांच्या व वनस्पतींच्या रसांचा वेगळा मेन्यू ठेवला आहे. तो स्वस्त नसतो. आधी दर विचारावा, नको असल्यास निःसंकोच नाही म्हणावे.

पुष्कळ ठिकाणी संध्याकाळी दोन पंगती असतात, एक साडेपाच-सहाची आणि दुसरी आठ-साडेआठची. पहिल्या पंगतीला वेळ झाली की टेबल सोडावे लागते. दोघांना निवांत बसायचे असेल तर दुसरी घ्यावी. टेबल राखताना अनेकजण कार्डाचा नंबर घेतात आणि न कळवता न आल्यास माणशी दंड कापतात. बेत बदलला तर वेळेत कळवावे.

आपल्या धंद्यासाठी

आपल्याकडेही ‘फॅमिली रूम’ असते. पडदा लावला, वर ट्यूबलाइट ठोकली आणि शेजारी हात धुण्याचे बेसिन, की झाली फॅमिली रूम! कुटुंबाला घेऊन आलेला माणूस तेथे भरभर जेवून निघून जातो. चहा, फालुदा, आणखी एक कबाब हे सारे राहून जाते, आणि नुकसान मालकाचेच होते.

कोपनहेगनच्या धर्तीवर लाखोंचे सामान आणण्याची गरज नाही. बेसिनपासून दूर, भिंतीलगत दोघांची दोन टेबले ठेवावीत. आपल्याच गावच्या कारागिराकडून खाली उतरता, बल्ब झाकणारा दिवा करून घ्यावा. खुर्ची डुगडुगत असेल तर आजच सुतार बोलवावा. आणि कोणत्या पदार्थात काय आहे, मांस कोठून येते, हे मेन्यूवर स्वच्छ लिहावे. चार पैसे जास्त पडले तरी ज्या दुकानात शंकेला जागा नाही, तेथे माणूस आपल्या घरच्यांना पुन्हा घेऊन येतो.