'ढ' ठरवण्याआधी

मागे पडणाऱ्या मुलाला 'ढ' म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. मी कविता लिहितो, त्यामुळे एका अक्षराची ही बदनामी मला जरा जास्तच खटकते. कारण यातल्या काही मुलांची अडचण खरोखर अक्षरांशीच असते.

आपली लिपी सोपी वाटते, पण 'किती' लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चार नंतर. 'सूर्य'मधला र डोक्यावर बसतो, 'चक्र'मधला पायाशी. बहुतेक मुलांना हे हळूहळू जमते. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाचे मात्र अक्षर आणि ध्वनी यांचे नातेच जुळत नाही. डोळे चांगले, बुद्धीही चांगली. तोंडी विचारा, तो झटकन उत्तर देईल. वही पाहिली की मार खाईल!

आता दुसरी बाजू. आमच्या घरात दखनी बोलतात. अशा घरातले मूल मराठी शाळेत गेले की सुरुवातीला 'चा, ची, चे'त अडखळणारच. ती अक्षमता नव्हे, भाषेचे नवखेपण आहे. हा फरक कळायचा तर चाचणी मुलाच्या भाषेत हवी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली 'डाली' ही चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आणली. त्या चारांत उर्दू नव्हती, याची मला चुटपुट लागली.

१९९५च्या अपंग कायद्यात अध्ययन अक्षमतेचा उल्लेख नव्हता. २०१६च्या कायद्याने २१ प्रकारांत तिला जागा दिली. प्रमाणपत्र मात्र आठ वर्षांखालच्या मुलाला देऊ नये, असे २०१८च्या सूचनांत ठरले. ते योग्यच, लहान वयात चुका सगळेच करतात. पण पालक याचा अर्थ 'तोवर थांबायचे' असा घेतात, आणि तिथेच मोलाची वर्षे जातात.

मदत कुठे मिळते? तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समग्र शिक्षा योजनेचे विशेष शिक्षक असतात. ते शाळेत येतात. अंथरुणाला खिळलेल्या मुलाच्या घरीही जाऊन शिकवतात. एकेकाच्या वाट्याला कितीतरी शाळा येतात, ही रड जुनीच. २०२४ साली राज्य सरकारने केंद्र पातळीवर अशा शिक्षकांच्या ४,८६० पदांना मंजुरी दिली. पद मंजूर होणे आणि माणूस वर्गात दिसणे यांत मात्र आपल्याकडे बराच काळ जातो. म्हणून पालकांनी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले विसरले जाते.

दहावीला प्रमाणपत्र असलेल्या मुलाला तासामागे २० मिनिटे जादा मिळतात, गरजेप्रमाणे लेखनिकही मिळतो. पण फॉर्म भरायच्या वेळी धावाधाव करून हे जमत नाही. तपासणीला वेळ लागतो.

तोवर घरी ताटात रवा पसरावा, त्यात मुलाने बोटाने अक्षर गिरवावे आणि मोठ्याने म्हणावे. 'पा-ऊ-स' असा शब्द टाळ्या वाजवत तोडावा. रोज दहा मिनिटे, तीही हसतखेळत. याला कुठलाही दाखला लागत नाही.