‘ह्या उन्हात कोण चालणार?’

मार्च सरत आला की कोल्हापुरात एक वाक्य ऐकू यायला लागतं आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत ते थांबत नाही. केएमटीच्या बसफेऱ्या वाढवा म्हणा, महाद्वार रोडवर चालणाऱ्यांना जागा सोडा म्हणा, पोरांना शाळेला सायकलनं पाठवा म्हणा, उत्तर ठरलेलं असतं : ‘‘ह्या उन्हात कोण चालणार वो? आपल्याकडं गाडीशिवाय भागत न्हाई.’’ पाठोपाठ युरोपातल्या एखाद्या देशाचं नाव येतं. तिथं थंडी आहे म्हणून लोक चालतात, सायकली चालवतात, आपल्या हवेत ते जमायचं नाही. शिकलेली, चांगल्या हुद्द्यावरची माणसं हे बोलतात. मला या वाक्याचा राग येतो, कारण ते ऐकताक्षणी पटतं आणि मग त्यावर कोणी विचारच करत नाही.

आधी ‘कोण चालणार’ हा भाग घेऊ. चालणारे आहेतच. एप्रिलच्या दुपारी मध्यवर्ती बसस्थानकापासून दसरा चौकापर्यंत नुसतं बघत जा. एका घरची धुणीभांडी उरकून दुसऱ्या घरी निघालेल्या बायका, बांधकामावरचे मजूर, डोक्यावर ओझं घेतलेले फेरीवाले, खेड्यातून सीपीआर रुग्णालयात आलेले पेशंट आणि हातात डबा घेतलेले त्यांचे नातेवाईक. 2011च्या जनगणनेत माणसं कामावर कशानं जातात हे विचारलं गेलं. शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकीच्या कामगारांत पायी जाणारे देशभरात पाचांत एकाहून जास्त निघाले आणि कारनं जाणारे शंभरात तीनसुद्धा भरले नाहीत. म्हणजे या प्रश्नाला सरळ उत्तर आहे : ज्यांच्याकडं गाडी नाही ती सगळी माणसं, रोज, भर उन्हात. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण कोणी चालतच नाही असं एकदा गृहीत धरलं की पदपथ, थांबा, सावली यांवर पैसा घालायचं कारणच उरत नाही.

आता ‘गाडी’. कोल्हापुरात गाडी म्हणजे बहुतेक वेळा दुचाकी. देशातल्या नोंदलेल्या वाहनांपैकी साधारण तीन चतुर्थांश दुचाकीच आहेत. दुचाकीला छप्पर नसतं. मग ऊन लागतं म्हणून गाडी लागते, हे कुठल्या हिशोबानं खरं? दाभोळकर कॉर्नरच्या किंवा व्हीनस कॉर्नरच्या सिग्नलला दुपारी एक वाजता उभं राहून बघा. हातमोजे, सनकोट, डोळे तेवढे उघडे ठेवून गुंडाळलेला स्कार्फ, वर हेल्मेट. खालून डांबराची धग, बाजूनं रिक्षाच्या सायलेन्सरची, समोरून बसच्या इंजिनाची. या सगळ्यांत पायी चालणारा माणूसच जास्त भाजतो, असं म्हणायला काही आधार नाही. दुचाकीमुळं उन्हातला वेळ कमी होतो, एवढं खरं. तो वेळही सिग्नलवरच्या गर्दीत पुन्हा वाढतो आणि ती गर्दी दुचाकी-चारचाकींनीच झालेली असते.

कुठल्याही गावात सिग्नलजवळ झाड असेल तर दुचाकीवाले पांढऱ्या पट्ट्यापाशी थांबत नाहीत. वीस-पंचवीस फूट मागं, जिथं सावली पडलेली असते तिथं थांबतात. हिरवा दिवा लागेपर्यंत मधली जागा मोकळी राहते. नागपुरासारख्या शहरात तर उन्हाळ्यात सिग्नलवर हिरवी जाळी बांधतात. माणसाला नेमकं काय हवं आहे ते इथं उघड दिसतं. सावली हवी आहे. आणि थांबलेल्या वाहनचालकासाठी ती बांधता येत असेल, तर बसची वाट बघणाऱ्या म्हातारीसाठी का बांधता येऊ नये?

सावलीनं नेमकं काय होतं, याबद्दलही घोळ आहे. हवामान खातं ‘आज कमाल 38 अंश’ म्हणतं तेव्हा ते तापमान सावलीतलंच असतं. तापमापी पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवर ठेवलेली असते. तिच्यावर थेट ऊन पडू न देणं हाच त्या पेटीचा उद्देश. उघड्यावर उभ्या माणसाच्या अंगाला हवेची उष्णता लागतेच, शिवाय वरून सूर्याची आणि खालून-बाजूनं तापलेल्या डांबराची, भिंतींची, पत्र्यांची. एप्रिलच्या दुपारी काळं डांबर साठ अंशांच्या घरात सहज जातं. म्हणून ‘झाडाखाली तापमान दहा अंशांनी कमी असतं’ हे झाडांच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं लाडकं वाक्यही बरोबर नाही. एकट्या झाडाखाली हवेचं तापमान जेमतेम एखाद-दोन अंशांनी उतरतं. उतरते ती अंगावर येणारी किरणं आणि पायाखालच्या जमिनीची धग, आणि ती एवढी उतरते की शरीराला तो फरक लगेच कळतो. आपली बाजू खरी असताना खोटा आकडा कशाला वापरायचा?

कोल्हापूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आपलं गाव 16.7 अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली दिसेनाशी होते. शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळांतून हे दाखवतात. त्या दिवसांत इमारतींची सावली दुपारी रस्त्यावर पडतच नाही. वरून झाकणारी वस्तू लागते : झाडाचा घेर, दुकानाची पडवी, मंडप. उलट चार वाजता ऊन पश्चिमेकडून तिरपं येतं. बसथांब्याचं छप्पर अरुंद असलं आणि त्याचं तोंड पश्चिमेला असलं की ऊन सरळ आत येतं. स्टीलचं बाकडं बसण्याजोगं राहत नाही. माणसं थांब्याच्या पाठीमागं, त्याच्याच सावलीत उभी राहतात आणि बस दिसली की पळत पुढं येतात. कोकणातल्या साध्या घरालाही पडवी कुठल्या बाजूला काढायची हे विचारून ठरवतात. थांबा बांधताना जाहिरातीचा फलक कुठून दिसेल एवढंच बघितलं, तर त्याला उन्हाचा दोष म्हणता येणार नाही.

‘पूर्वी एवढं ऊन नव्हतं, म्हणून लोक सायकलनं जायचे’ असंही सांगतात. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाचा 2020चा अहवाल सांगतो की 1901 ते 2018 या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशांनी वाढलं. ही वाढ गंभीर आहे आणि उष्णतेच्या लाटांवर तिचा परिणाम होतोच. पण आजोबा सायकलनं जायचे आणि नातू दोन गल्ल्या पलीकडच्या दूध डेअरीला मोपेड काढतो, याचं कारण 0.7 अंशांत सापडत नाही. ते रस्त्यात सापडतं. झाडं गेली, पदपथावर गाड्या आणि टपऱ्या आल्या, वाहनांचा वेग वाढला, बसचा भरवसा गेला आणि दारात हप्त्यावर घेतलेली गाडी आली.

अंतरांचं काय? अमेरिकेतल्या पसरट शहरात माणूस गाडीत अडकतो, कारण दुकान पाच मैलांवर आणि नोकरी तीस मैलांवर असते. कोल्हापूर महापालिकेची हद्द 66.82 चौरस किलोमीटर आहे. 1972 साली महापालिका झाली, तेव्हापासून हद्दवाढीवर मोर्चे, बंद, बैठका सगळं झालं आणि हद्द तेवढीच राहिली. त्या वादात मला इथं पडायचं नाही. पण या क्षेत्रफळाचं गोल वर्तुळ मानलं, तर मध्यापासून कडेपर्यंत पाच किलोमीटरही भरत नाहीत. उचगाव, पाचगाव, कळंबा, शिरोली धरून शहर मोठं झालंय हे खरं, आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्याला चालत जा असं कोणी म्हणणार नाही. त्याला बस हवी. पण बिंदू चौकातून लक्ष्मीपुरीत जायला हवामानाचं कारण देऊ नये.

जगाकडं बघायचंच तर विषुववृत्ताजवळच्या सिंगापूरकडं बघा. बारा महिने दमट, घामट हवा, दुपारी तीस-बत्तीस अंश. तिथं कार घेण्याच्या हक्कासाठीच 1990पासून लिलावात बोली लावावी लागते. आणि 2013पासून मेट्रो स्थानकांच्या 400 मीटर परिसरात छप्पर असलेले पदपथ बांधायला घेतले, असे सुमारे 200 किलोमीटर. तिथले लोक आपल्याहून काटक आहेत म्हणून चालत नाहीत. डोक्यावर छप्पर आहे म्हणून चालतात.

आणि लांब तरी कशाला जायचं? चैत्र पौर्णिमेला, म्हणजे आपल्याकडच्या सगळ्यांत तापत्या दिवसांत, जोतिबाच्या डोंगरावर लाखोंनी माणसं चढतात, कित्येक जण गावाकडून चालत येतात, खांद्यावर सासनकाठी असते. त्यामागं श्रद्धा आहे, रोजच्या प्रवासाशी तिची बरोबरी मी करणार नाही. पण वाटेवर काय असतं ते बघा. मंडप, पाणी, ताक, सरबत, अन्नछत्रं, प्रथमोपचार. यात्रेच्या त्या दिवसांत चालणाऱ्याची सोय करणं हे सगळ्यांना आपलं काम वाटतं. उरलेल्या वर्षात तीच माणसं चालत बसथांब्यावर गेली की त्यांची सोय कोणाचंच काम राहत नाही.

गाडी उन्हापासून वाचवते यातला शेवटचा भाग कारचा. एसी कारमध्ये बसलेल्याला थंड वाटतं, वादच नाही. पण कारचा एसी उष्णता नाहीशी करत नाही, आतली बाहेर टाकतो. पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी साधारण चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होऊन रस्त्यावर येते. ती सोसतो शेजारी उभा असलेला दुचाकीवाला आणि त्याच्या पलीकडं चालणारा माणूस. म्हणजे ज्या उन्हामुळं गाडी लागते म्हणतो, त्या उन्हाच्या झळा ही गाडीच वाढवते.

याच विषयात आणखी काही समज कानावर येतात.

‘रस्ता रुंद केला की कोंडी सुटते.’ वाढलेली जागा नवी वाहनं भरून काढतात. अमेरिकेतल्या शहरांचे आकडे तपासून दुरांतोन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी 2011मध्ये दाखवलं की रस्ते जितके वाढतात, जवळपास तितकीच वाहतूक वाढते. आपल्याकडं टोलवाल्या प्रकल्पात सुमारे 50 किलोमीटर रस्ते झाले. टोलविरुद्ध गाव पेटून उठलं आणि 2015 संपता संपता टोल गेला, तो लढा मोठाच. पण त्यातल्या किती रस्त्यांच्या कडेची एक रांग आज पार्किंगनं भरलेली आहे, ते चालत जाऊन बघा.

‘एक झाड तोडलं तर दहा लावू.’ वडाची सावली रोपाला यायला तीस-चाळीस वर्षं लागतात, तीही रोप जगलं तर. मिरजेजवळच्या भोसे गावात रत्नागिरी-नागपूर महामार्गात आलेला जुना वड 2020 साली लोकांनी अडून वाचवला. रस्त्याची आखणी थोडी बदलली आणि महामार्गही झाला.

‘कोल्हापूर चाळिशी गाठत नाही, इथं उष्माघात होत नाही.’ सपाट प्रदेशात 40 अंश हा उष्णतेची लाट जाहीर करण्यासाठी हवामान खात्यानं ठरवलेला निकष आहे, शरीराची मर्यादा नव्हे. हवा दमट असली की घाम वाळत नाही आणि चाळिशीच्या आतही माणूस कोसळतो. उन्हात राबणारा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर सावलीत घ्या, अंग ओलं करून वारा घाला आणि दवाखाना गाठा.

‘गाडीच्या स्क्रीनवर 43 दाखवतंय.’ सेन्सर बंपरजवळ, तापलेल्या डांबराच्या वर असतो. तो गावाचं तापमान सांगत नाही.

‘काच दोन बोटं खाली ठेवली की पोराला गाडीत ठेवून जाता येतं.’ अजिबात नाही. 2005च्या एका अमेरिकी अभ्यासात बंद कारमधलं तापमान तासाभरात सरासरी 22 अंशांनी चढलं, त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली आणि काच थोडी उघडी ठेवून फरक पडला नाही.

‘इलेक्ट्रिक कार आली की प्रश्न मिटेल.’ धूर मिटेल, धगही बरीच कमी होईल. जागा मात्र ती तेवढीच घेणार.

पीएम ई-बस सेवेतून कोल्हापूरसाठी 100 बस मंजूर आहेत. बस कितीही चांगली असली तरी तिच्यासाठी वीस मिनिटं उन्हात उभं राहावं लागत असेल, तर ज्याला शक्य आहे तो दुचाकीच काढणार. म्हणून बसबरोबर थांब्याची मागणी करा : पश्चिमेचं ऊन अडवणारी बाजू, रुंद छप्पर, पाण्याची सोय आणि तिथवर पोचायला सलग पदपथ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. आपल्या दारापुढचा पदपथ टेप लावून मोजा आणि आकडा घेऊन प्रभागाच्या नगरसेवकाकडं जा. रस्त्याकडेच्या झाडावर तोडीची नोटीस दिसली तर तिचा फोटो काढून त्याच दिवशी लेखी हरकत द्या. 1975च्या वृक्ष संरक्षण कायद्यानं नोटीस लावणं आणि हरकती मागवणं बंधनकारक आहे. पुढच्या वेळी कोणी ‘ह्या उन्हात कोण चालणार’ म्हणालं, तर त्यांना आधी सावली कुठं आहे ते विचारा.