अरबी भाषेतील भोजनविषयक शब्दसंपदा व शिष्टाचार : मराठी भाषकांच्या दृष्टीने एक विवेचन

प्रस्तावना

'उस्मानपुरा' या नावात 'उस्मान' हे अरबी व्यक्तिनाम आणि 'पुरा' हे भारतीय पद एकत्र आले आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेल्या खडकीपासून २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर हे नाव धारण करणाऱ्या या शहरात असा भाषिक संयोग जागोजागी आढळतो. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा भाग होता. निजामाच्या लष्करी सेवेच्या निमित्ताने येमेनमधील हद्रमौत प्रांतातून आलेले अरब येथे स्थायिक झाले. त्यांचे वंशज आज 'चाऊश' या नावाने ओळखले जातात. असे असूनही अरबी ही केवळ धर्मग्रंथाची किंवा परदेशातील नोकरीची भाषा होय, असा समज सर्वसाधारणपणे रूढ आहे. प्रस्तुत लेखात भोजन या नित्याच्या विषयाच्या आधारे अरबी शब्दसंपदा व शिष्टाचार यांचा मराठीच्या संदर्भात परामर्श घेतला आहे.

मराठी स्वयंपाकघरातील अरबी शब्द

अरबी शब्द मराठीत प्रामुख्याने फारसीच्या मार्गाने आले. माधव त्रिंबक पटवर्धन यांच्या 'फार्शी-मराठी कोशा'ने (१९२५) या ऋणाची व्याप्ती मराठी अभ्यासकांपुढे ठेवली. अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूपासून सिद्ध होतात. गोडपणा दर्शविणाऱ्या 'ह-ल-व' धातूपासून हलवा आणि पिणे या अर्थाच्या 'श-र-ब' धातूपासून सरबत हे शब्द आले. 'मसाला' हे 'मसालिह' या अनेकवचनाचे रूपांतर असून त्याचा मूळ अर्थ हिताच्या वा उपयोगाच्या गोष्टी असा आहे. 'जिन्नस' म्हणजे मुळात प्रकार किंवा जात. 'खाण्याचे जिन्नस' असे म्हणताना मराठीने या अमूर्त शब्दाला थेट ताटात आणले आहे. तबक, सुरई आणि लज्जत हे शब्दही याच वाटेने आले. संक्रांतीला सुवासिनी व बालके हलव्याचे दागिने घालतात, तेव्हा या शब्दाचे परकेपण कोणालाही जाणवत नाही.

या शहराची ओळख ठरलेल्या 'नान-कलिया' या पदार्थाच्या नावातही हाच इतिहास आहे. 'नान' हा फारसी शब्द, तर 'कलिया' हा तळणे, परतणे या अर्थाच्या अरबी धातूशी संबंधित शब्द होय. परंपरेने या पदार्थाचा संबंध मुहम्मद तुघलकाने दौलताबादेस राजधानी हलविल्याच्या घटनेशी जोडला जातो.

भोजनाच्या वेळा व क्रियापदे

अरबीत सकाळच्या न्याहारीस 'फुतूर', दुपारच्या जेवणास 'ग़दाअ' आणि रात्रीच्या जेवणास 'अशाअ' म्हणतात. 'फुतूर', 'इफ्तार' आणि 'ईद-उल-फित्र' हे तिन्ही शब्द 'फ-त-र' या एकाच धातूचे असून त्याच्या मुळाशी भंग करण्याचा, फोडण्याचा भाव आहे. उपवास अरबीत 'मोडतो', उर्दूत रोजा 'खोलतात', तर मराठीत उपवास व रोजा दोन्ही 'सोडतात'. एकाच कृतीकडे पाहण्याच्या या तीन दृष्टी आहेत.

मराठी विद्यार्थ्यास खरी अडचण येते ती क्रियापदाची. 'खाणे' आणि 'जेवणे' असा भेद मराठी करते आणि 'जेवलास का?' हा प्रश्न कोणत्याही वेळी विचारता येतो. अरबीत 'अकल' म्हणजे खाणे. जेवणाविषयी विचारताना मात्र वेळेनुसार क्रियापद बदलते. दुपारी 'हल तग़द्दैत?' तर रात्री 'हल तअश्शैत?' असे विचारले जाते. शब्दशः भाषांतराची सवय लागलेला विद्यार्थी येथे हमखास अडखळतो.

अर्थभेद व प्रांतभेद

समान शब्द नेहमी साहाय्यक ठरतोच असे नाही. मराठीत 'शराब' म्हणजे मद्य, परंतु अरबीत 'शराब' हा शब्द पेय किंवा पाक या व्यापक अर्थानेही येतो. 'ऐश' म्हणजे मुळात जगणे. तोच शब्द इजिप्तमध्ये भाकरीसाठी, तर आखाती देशांत भातासाठी वापरला जातो. 'लबन' हा शब्द इजिप्तमध्ये दुधासाठी, तर अन्यत्र दही वा ताक यांसाठी योजला जातो. केवळ पाठ्यपुस्तकी अरबी शिकून आखातात जाणाऱ्या तरुणास ही माहिती पहिल्याच दिवशी उपयोगी पडते.

शिष्टाचारांची तुलना

'बिस्मिल्लाह' म्हणून आरंभ करणे आणि 'अल्-हम्दु लिल्लाह' म्हणून समाप्ती करणे ही रीत मुळात मुस्लिम धर्माचाराची आहे. ती अरबी संभाषणातही रुजली असून भरल्या ताटावर उच्चारलेले 'अल्-हम्दु लिल्लाह' हे 'आता पुरे' असेही सुचविते. सीरिया, लेबनॉन या भागांत जेवणाऱ्यास 'सहतैन' म्हणजे 'दुप्पट आरोग्य लाभो' असे म्हणतात. पाहुणा 'सुफ्रा दाइमा' म्हणजे 'हे भोजन सदैव घडो' अशी सदिच्छा व्यक्त करतो. आपल्याकडील 'सावकाश होऊ द्या' आणि 'अन्नदाता सुखी भव' यांचे स्मरण येथे होते.

भेदही तितकेच महत्त्वाचे आहेत. मराठी पंगतीत प्रत्येकाचे पान स्वतंत्र असते आणि उष्ट्याचा विचार कटाक्षाने पाळला जातो. अरबी परंपरेत एकाच मोठ्या थाळीभोवती बसून आपल्या समोरच्या भागातून खाणे हा शिष्टाचार आहे. उजव्या हाताने जेवणे मात्र दोन्हींकडे समान आहे. पुरे झाल्याचे सांगण्यासाठी मराठी माणूस पानावर आडवा हात धरतो, तर आखाती घरांत कॉफीचा 'फिंजान' किंचित हलवून परत देतात. ही खूण ठाऊक नसल्यास यजमान कप भरतच राहतो.

अन्नातून निर्माण होणाऱ्या बांधिलकीबाबत दोन्ही भाषा एकमेकींच्या फार जवळ येतात. अरबीत 'भाकर आणि मीठ' एकत्र खाल्लेल्यांत विश्वासाचे नाते मानले जाते. मराठीत 'खाल्ल्या मिठाला जागणे' हे सद्गुणाचे लक्षण, तर 'नमकहराम' ही मोठी निंदा होय. या निंदावाचक शब्दात 'नमक' फारसी आणि 'हराम' अरबी आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, भोजनविषयक शब्दसंपदेचा लक्षणीय भाग मराठी विद्यार्थ्यास आधीच ज्ञात असल्याने अरबीचे अध्यापन तेथून आरंभ करणे सुलभ ठरेल. दुसरा, शब्दसाम्याइतकेच अर्थभेद व प्रांतभेद शिकविणे आवश्यक आहे. तिसरा, शिष्टाचाराविना शिकविलेली भाषा अपुरी राहते, कारण आग्रह व नकार यांची भाषा शब्दांबरोबर खुणांतूनही व्यक्त होते. शेजारच्या घरी नित्य ऐकू येणारी भाषा वर्गात परकी वाटावी, ही स्थिती बदलणे भाषा-अध्यापकांच्या हाती आहे. त्यासाठी मराठी, उर्दू व अरबी विभागांनी एकत्र येऊन मराठी माध्यमातील संभाषणपाठ सिद्ध करणे ही काळाची गरज आहे.