कमी प्लेटलेट्स : दोष प्रतिकारशक्तीचा की वारशाचा?

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तंजावर मराठी वाचकास सरस्वती महाल ग्रंथालय व भोसले घराण्यामुळे परिचित आहे. तेथील समाजरचनेतील एक बाब मात्र बालआरोग्याच्या दृष्टीने विचारात घ्यावी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) नात्यांतील विवाहांचे प्रमाण तामिळनाडूत देशात सर्वाधिक आहे. आपल्याकडे मामेबहिणीशी विवाह परिचित आहेत. तेथे मामा-भाची विवाहही रूढ आहेत.

बालकाच्या अंगावर लालसर ठिपके उठतात, नाकातून रक्त येते आणि तपासणीत रक्तबिंबिका, म्हणजेच प्लेटलेट्स, घटलेल्या आढळतात. बहुधा विषाणुसंसर्गानंतर शरीराने स्वतःच्याच रक्तबिंबिकांविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे यास कारणीभूत असतात. हा ‘आयटीपी’ विकार होय. दहापैकी सुमारे आठ बालके वर्षभरात बरी होतात. अनेकांना औषधही लागत नाही. बरी न होणाऱ्यांपैकी काहींचा मूळ दोष मात्र जनुकांत असतो.

बर्नार्ड-सुलिए विकारात रक्तबिंबिका इतक्या मोठ्या असतात, की मोजणीयंत्र त्यांपैकी काहींना तांबड्या पेशी समजते. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा विकार होण्याची शक्यता 25 टक्के असते. एकाच पूर्वजाकडून आलेली जनुकाची समान जोडी अपत्यात उतरण्याची शक्यता आते-मामे भावंडांच्या विवाहात 1/16, तर मामा-भाची विवाहात 1/8 असते. मात्र सारा दोष नात्यांतील विवाहास देणे योग्य नाही. विस्कॉट-ऑल्ड्रिच विकार आईकडून प्रामुख्याने मुलग्यांत उतरतो आणि त्याचा अशा विवाहांशी संबंध नाही. त्यात रक्तबिंबिका लहान असतात. इसब व वारंवार संसर्ग ही लक्षणेही दिसतात.

निदान चुकल्यास खर्च व्यर्थ जातो. आयटीपीवरील इम्युनोग्लोब्युलिनची मात्रा दर किलो वजनास सुमारे 1 ग्रॅम असते. या महागड्या औषधाने जनुकीय दोष दूर होत नाही. विस्कॉट-ऑल्ड्रिचच्या रुग्णाची प्लीहा काढल्यास गंभीर संसर्गाचा धोका वाढतो. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात (2021) हा विकार अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने उपचार होऊ शकणाऱ्या गटात आहे. 2022 पासून साहाय्याची मर्यादा 50 लाख रुपये असून मुंबईच्या केईएमसारख्या उत्कृष्टता केंद्रांमार्फत ते मिळते. कागदावर ‘आयटीपी’ असा शिक्का असलेले बालक त्या दारापर्यंत पोहोचतच नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा नमुना पाहणे, घरात आणखी कोणास असा त्रास होता का व आई-वडिलांचे पूर्वीचे नाते काय, हे विचारणे, यास फारसा खर्च नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके 2013 पासून अंगणवाड्यांत व शाळांत जात आहेत. हे प्रश्न तेथेही विचारता येतील. मात्र त्यातून आईला दोषी ठरविल्याची भावना होता कामा नये, अन्यथा पुढच्या वेळी ते कुटुंब उत्तरच देणार नाही.